मरण एकीकडे, नाव दुसरीकडे: परदेशात कामी आलेल्या सैनिकाची आठवण कशी जपतात?

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात पळसगाव आहे. तिथले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत मारले गेले. सैन्याच्या कागदावर जन्मतारीख आहे १६ नोव्हेंबर १९२१. म्हणजे वय २२. आपल्या पणजोबांच्या पिढीतला माणूस, म्हणून मी 'ते' म्हणतो आहे. पण गेले तेव्हा ते मिसरूड नुकतं जाड झालेलं पोरच होते.

ते पडले मध्य इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने नावाच्या डोंगरावरच्या गावाच्या परिसरात. त्यांचं नाव कोरलेलं आहे तिथून खूप दक्षिणेला, कासिनो इथल्या स्मारकावर. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये मोंतोने गावातही त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. इतक्या ठिकाणी आठवण, आणि कबर किंवा समाधी म्हणावी अशी जागा मात्र कुठेच नाही.

असं का होतं? देह परत का आला नाही? जिथे माणूस पडला तिथे नाव का नाही? आणि आपल्या घरातलं कुणी 'बसऱ्याला गेलं ते आलंच नाही' एवढंच माहीत असेल, तर त्याचं नाव कुठे शोधायचं? या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती यशवंत घाडग्यांच्या नावाच्या मागे मागे जाऊन सोडवता येतात.

आधी त्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं. घाडगे 'नाईक' होते. नाईक म्हणजे आठ-दहा जणांच्या तुकडीचा प्रमुख. त्यांची पलटण होती ३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. जर्मनांच्या पक्क्या मोर्चावर कंपनी चालून गेली आणि घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतला प्रत्येक जण एक तर ठार झाला किंवा जखमी होऊन पडला. उभे राहिले एकटे घाडगे. आपल्या मागे कुणी येणार नाही हे ठाऊक असूनही ते धावत मशीनगनच्या अंगावर गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंद पाडली आणि चालवणाऱ्याला संपवलं. टॉमीगनच्या गोळ्यांनी आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मोर्चा हातात आला. आणि त्याच मोर्चात, दूरवर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते पडले.

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. शौर्यासाठीचं ते ब्रिटनचं सर्वोच्च पदक. पदक दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्यांच्या पत्नीला देण्यात आलं. कोकणातून दिल्लीपर्यंतचा तो प्रवास त्या बाईंनी कसा केला असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

देह परत का येत नसे?

आज सीमेवर जवान कामी आला की तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते, आणि पंचक्रोशी लोटते. आपल्याला ते इतकं सवयीचं झालं आहे की पूर्वीही असंच असेल असं वाटतं. तसं नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला काही श्रीमंत ब्रिटिश घराण्यांनी आपल्या मुलांचे देह फ्रान्समधून घरी आणले. एप्रिल १९१५ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नातवाचा देह असाच मायदेशी आला. फेबियन वेअर नावाचा माणूस तेव्हा रेडक्रॉसच्या पथकासोबत रणांगणावरच्या कबरींच्या नोंदी ठेवत होता. त्याला हे खटकलं. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख त्याचा मुलगा घरी येणार, आणि गिरणी कामगाराचा मुलगा चिखलात राहणार? लाखो देह हलवणं शक्यच नव्हतं, रोगराईची भीतीही होती. त्याच वर्षी बंदी आली: जो जिथे पडला तिथेच, त्याच्या सोबत्यांजवळ राहील. दुसऱ्या महायुद्धातही हाच नियम चालला. ब्रिटनने तो पहिल्यांदा सैल केला १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर.

ब्रिटिश हिंदी सेनेतला शिपाई त्याच नियमाखाली आला. पळसगावच्या घरात देह येण्याचा प्रश्नच नव्हता.

देह येणार नाही असं ठरवलं की त्या देहाची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. त्यासाठी मे १९१७ मध्ये राजाच्या सनदेने एक आयोग नेमला गेला. आज त्याचं नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग आहे. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जवळपास १७ लाख मृतांची काळजी तो घेतो. त्याची मूळ तत्त्वं अशी: प्रत्येकाचं नाव कोरलं जाईल, दगडावर किंवा स्मारकावर. ते कायमचं असेल. दगड सगळ्यांचा सारखा असेल. आणि हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद होणार नाही. जनरल आणि शिपाई यांना एकाच उंचीचा दगड, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. घराण्याचा भव्य चबुतरा हवा असणाऱ्या बड्या लोकांनी तेव्हा बराच आरडाओरडा केला होता.

प्रत्यक्षात काम असं चालायचं. लढाई चालू असतानाच माणूस जिथे पडला तिथे सोबती त्याला घाईने पुरत, वर लाकडी खूण रोवत आणि नकाशावरची जागा टिपून ठेवत. मागून कबर-नोंदणीचं पथक येई आणि खूण तपासून यादी करी. युद्ध संपल्यावर शेतात, रस्त्याकडेला, अंगणात विखुरलेल्या या कबरी उकरून मोठ्या दफनभूमीत एकत्र आणल्या जात. या साखळीत एखादी कडी तुटली, खूण जळाली, तोफगोळ्याने जमीनच उलटीपालटी झाली किंवा टिपण घेणाराच पुढच्या लढाईत मेला, की कबर हरवते. देह असतो कुठेतरी, पण तो कुणाचा ते सांगता येत नाही. अशा माणसांना कागदोपत्री म्हणतात 'ज्ञात कबर नसलेले'. त्यांची नावं दगडाऐवजी भिंतीवर जातात.

घाडगे यांचं तेच झालं. कासिनोची भीषण लढाई मे १९४४ मध्ये संपली होती. घाडगे पडले त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी, कितीतरी उत्तरेला. मग नाव तिथे का? कारण कासिनोचं स्मारक त्या एका लढाईचं नाही. इटलीच्या संपूर्ण मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही, अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांसाठी ते उभारलं गेलं. १९५६ मध्ये त्याचं अनावरण झालं. दफनभूमीच्या मधोमध संगमरवरी उभ्या भिंती आहेत, आणि त्यांतल्या एकीवर पळसगावच्या पोराचं नाव आहे.

हिंदू आणि शीख सैनिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जिथे शक्य होतं तिथे त्यांचं दहन झालं. दहन झालं की कबर उरत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी दहन-स्मारकं बांधली गेली. इटलीत अशी तीन आहेत: सांग्रो नदीकाठी, फोर्ली आणि रिमिनी. फोर्लीच्या स्मारकावर आठशेच्या आसपास नावं आहेत. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर छत्री आहे, अगदी आपल्याकडच्या राजघराण्यांच्या छत्र्यांसारखी. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू-शीख सैनिकांचं तिथे दहन झालं होतं. १९२१ मध्ये छत्री उभी राहिली. त्या ५३ जणांची नावं मात्र तिच्याशेजारी दगडावर कोरली गेली ती २०१० मध्ये. ऐंशी-नव्वद वर्षं वर छत्री होती आणि खाली नावं नव्हती.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण इथेच दुखतं.

एकाच पलटणीची दोन स्मारकं

घाडग्यांच्या ३/५ मराठा पलटणीचं १९२२ पूर्वीचं नाव होतं ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. (तीच पलटण आज भारतीय सेनेत २ पॅरा म्हणून ओळखली जाते.) पहिल्या महायुद्धात ही ११० वी, आणि तिच्यासोबत १०३ वी आणि ११७ वी मराठा, मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होती. कूत नावाच्या गावात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला तुर्कांनी वेढलं. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने. अन्न संपलं, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. पुढे कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत किती गेले त्याला गणती नाही. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या भागांतल्या घराघरांत 'बसरा' हा शब्द तेव्हा शिरला.

मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडली नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं गेलं. ४० हजारांहून अधिक मृतांचं. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, साध्या शिपायांसकट. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. पण हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव कोरलं आणि त्याखाली फक्त आकडा दिला, इतके शिपाई. नावं एका नोंदवहीत गेली. वंश आणि धर्मावरून भेद होणार नाही, हे तत्त्व लिहिणाऱ्या आयोगानेच हे केलं होतं.

आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हे उघडपणे मांडलं. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण इतरांपेक्षा कमी दर्जाने जपली गेली. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचं नाव कुठेच कोरलं गेलं नाही, किंवा त्यांचं स्मरणच झालं नाही. यांत हिंदी, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी, इजिप्शियन, सोमाली होते. 'यांच्यात व्यक्तीच्या कबरीला महत्त्व नसतं' असं तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आयोगाने माफी मागितली.

आता घाडग्यांच्या नावाकडे परत पाहा. त्याच पलटणीचा शिपाई १९१६ मध्ये मेला तर भिंतीवर आकडा झाला, आणि १९४४ मध्ये मेलेल्या नाइकाचं नाव कासिनोच्या संगमरवरावर पूर्ण कोरलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकांवर हिंदी शिपायाचंही नाव आलं, मग त्याला पदक असो वा नसो. आधीच्या पिढीला मात्र तेवढंही मिळालं नव्हतं. कासिनोच्या त्या एका ओळीचं मोल मला म्हणून जास्त वाटतं.

आपल्याकडे मेलेल्या वीराची आठवण ठेवायची पद्धत याहून जुनी आहे. कोकणात, देशावर, देवळाच्या अंगणात किंवा वेशीवर वीरगळ दिसतो. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली पडलेला वीर, कधी बाजूला गुरं, म्हणजे गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना गेला. वर लढाई. त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्याच्या वर पिंडीची पूजा करणारा तोच वीर. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गावाला माहीत होतं तोवर नाव होतं, मग उरला शेंदूर लावलेला दगड. म्हणजे वीरगळ जागा जपतो आणि नाव विसरतो. कासिनोची भिंत नाव जपते, जागेशी तिचा संबंध नाही. दोन्ही एकत्र असणं किती दुर्मीळ आहे ते यावरून कळतं.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत एक साधी पाटी बसवली: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे, ज्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथल्या ४६ जणांनी त्या युद्धात जीव दिला. अशा पाटीवरही पुन्हा आकडाच. तुमच्या गावात चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत ती असेल तर एकदा चुना खरवडून बघा.

मुंबईच्या मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या, म्हणून कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. रत्नागिरी किनाऱ्यावरची किती माणसं तेव्हा बोटीवर जात, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि पुण्याजवळ खडकीला गेलात तर उलट बाजू दिसते. तिथे दीड हजारांहून अधिक परदेशी सैनिक एकसारख्या दगडांखाली आहेत. बरेचसे विशीतले. हिरवळ कापलेली, फुलझाडांना पाणी घातलेलं. ज्यांची आई या देशात कधी आली नाही, अशा पोरांच्या दगडांभोवतीचं तण आपल्याकडचे माळी रोज काढतात. कासिनोला हेच काम इटालियन माळी करतात.

तुमच्या घरातलं नाव कसं शोधाल?

आयोगाची पूर्ण यादी सर्वांसाठी खुली आणि मोफत आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मरण पावलेले त्यात येतात. लढाईतच मेला पाहिजे असं नाही. तापाने, अपघाताने गेलेलाही त्यात असतो.

सगळ्यात मोठा अडसर नावाच्या स्पेलिंगचा. इंग्रज कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं. पवार, पोवार, पोआर सगळं बघा. काही नोंदींत आडनावच नसतं, 'गणपत' किंवा 'बाबू' एवढंच. म्हणून आडनावाने न सापडल्यास पलटण धरून शोधा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं तेव्हाचं इंग्रजी लेखन आजच्यापेक्षा वेगळं होतं, 'महरट्टा' असा उच्चार होईल असं. जिल्हे जुन्या नावांनी शोधा: रायगड नव्हे, कुलाबा. काही नोंदींत वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गाव असतं, तिथे खात्री पटते. घरात जुनं पदक असेल तर त्याची कड निरखून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते, आणि तो नंबर मिळाला की अर्धं काम झालं.

नोंद सापडली की शेवटी स्मारकाचं नाव दिसेल. बसरा असेल तर मेसोपोटेमिया. केरेन असेल तर १९४१ ची इरिट्रियातली डोंगरी लढाई, जिथे ३/५ मराठा होतीच. रंगून असेल तर ब्रह्मदेश. त्या एका शब्दावरून घरातल्या हरवलेल्या गोष्टीची वाट सापडते.

१९४७ नंतर परदेशात कामी आलेल्यांची नोंद या आयोगाकडे नाही. ती आपल्या देशाची जबाबदारी. कॉंगोत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत ५ डिसेंबर १९६१ रोजी पडलेले, परमवीर चक्र मिळालेले कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया असोत, की श्रीलंकेत कामी आलेले जवान. दिल्लीत इंडिया गेटशेजारी २०१९ मध्ये राष्ट्रीय समर स्मारक झालं, तिथे २५ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. स्वतंत्र देशाला त्यासाठी ७२ वर्षं लागली, हे मला अजूनही पटत नाही.

इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक हिंदी सैनिक होते. त्यांपैकी ५,७८२ गेले. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैन्याचे, आणि त्यांतले दोन मराठा. दुसरे नामदेव जाधव, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, १/५ मराठाचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले, आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. ते वाचले. १९८४ पर्यंत जगले. कागदावर त्यांची जन्मतारीख आहे १८ नोव्हेंबर १९२१, म्हणजे घाडग्यांपेक्षा दोन दिवसांनी लहान. एकाला म्हातारपण मिळालं. दुसऱ्याचं सगळं आयुष्य बावीस वर्षांत संपलं.

जुलै २०२३ मध्ये मोंतोनेत जे स्मारक झालं, ते त्या गावाने, इटलीतल्या युद्ध-इतिहासकारांनी आणि भारताने मिळून उभारलं. ते सूर्यघड्याळ आहे. दगडावर काठी, तिची सावली वेळ दाखवते. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे: आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ते वाचताना मला वीरगळाच्या माथ्यावरचा सूर्य दिसला. मोंतोनेच्या लोकांनी वीरगळ बहुधा कधी पाहिला नसेल. पण आता निदान एका ठिकाणी घाडग्यांचं नाव आणि ते जिथे पडले तो मुलूख एकत्र आले आहेत.